गाडीचं मोठं काम निघालंय: करायचं की गाडी विकायची?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, लातूर

उन्हाळा तापायला लागला की आणि पुन्हा दसऱ्याच्या आधी, आमच्या गॅरेजमध्ये हा प्रश्न जवळजवळ रोज येतो. गाडी दोन लाख किलोमीटरच्या वर चाललेली असते, कामाचा अंदाज चाळीस-पन्नास हजारांचा निघतो. मालक कागद हातात धरून विचारतात, "एवढे पैसे या गाडीत घालू का, का विकून मोकळा होऊ?" गाडी जॅकवर, चार गिऱ्हाईकं मागं उभी, अशा वेळी दोन वाक्यांत दिलेलं उत्तर अपुरं पडतं. म्हणून हे पत्रक. घरी न्या, घरच्यांना वाचायला द्या, मग ठरवा.

बिल कशाशी ताडून बघायचं

बहुतेक जण दुरुस्तीचं बिल गाडीच्या बाजारभावाशी लावून बघतात. आम्हाला ते पटत नाही. बाजारभाव म्हणजे दुसरा माणूस तुमच्या गाडीचे किती देईल तो आकडा. तुम्हाला बघायचंय ते वेगळं: ही गाडी ठेवली तर पुढची दोन वर्षं महिन्याला किती पडते, आणि हिच्या जागी दुसरी आणली तर किती पडते.

निलंगा तालुक्यातले एक गुरुजी आमचे जुने ग्राहक. 2013 ची डिझेल डिझायर, रनिंग 2 लाख 10 हजार. क्लच घसरत होता, पुढचं सस्पेन्शन खडखडत होतं, टायर संपले होते. अंदाज असा निघाला: क्लच सेट मजुरीसह 12 हजार, सस्पेन्शन 16 हजार, चार टायर 20 हजार. एकूण 48 हजार. आहे त्या स्थितीत गाडीला अडीच लाखांचं गिऱ्हाईक होतं आणि गुरुजींचं मन साडेआठ लाखांच्या नव्या गाडीकडे ओढत होतं.

आम्ही बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. जुनी ठेवली तर 48 हजार आत्ताचे, दोन वर्षांची सर्व्हिसिंग, विमा आणि किरकोळ कामं मिळून आणखी 40 हजार, शिवाय दोन वर्षांत गाडीची किंमत उतरेल ती धरू 80 हजार. बेरीज 1 लाख 68 हजार, म्हणजे महिन्याला 7 हजार. नवी घेतली तर जुनीचे अडीच लाख भरून वर 6 लाखांचं कर्ज. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता महिन्याला साडेबारा हजारांच्या आसपास जातो. आता हप्त्यातलं मुद्दल वाया जात नाही, ते गाडीतच राहतं, हे मान्य. पण पहिल्या दोन वर्षांत नवी गाडी दोन-सव्वादोन लाखांनी तरी उतरते, म्हणजे महिन्याला नऊ हजार तिथेच गेले. व्याज आणि नव्या गाडीचा विमा त्याच्यावर. डिझेल-पेट्रोल दोन्हीकडे लागणारच, म्हणून ते धरलं नाही.

गुरुजींनी काम करून घेतलं. त्यांचं इंजिन खणखणीत होतं, म्हणून आम्ही तसा सल्ला दिला. इंजिन बसलेलं असतं तर हाच हिशेब उलटा झाला असता.

आधी इंजिनाची नाडी

धूर बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. पुष्कळदा एअर फिल्टर चोंदलेला असतो किंवा नोजलचं काम असतं, त्याला घाबरायचं कारण नाही. थंडीतल्या सकाळी थोडी पांढरी वाफ दिसते, तिची काळजी नको. पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं पॅकिंग) तपासावंच लागतं. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल चहात दूध पडल्यासारखं दिसलं तर गाडी चालवत आणू नका, फोन करा.

दुसरी तपासणी आम्ही तुमच्या डोळ्यांसमोर करतो. इंजिन गरम आणि चालू असताना ऑइल भरायचं झाकण फिरवून मोकळं करतो आणि तिथंच उलटं ठेवतो. झाकण जागच्या जागी थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि आतून फुकफुक करत धूर यायला लागला, तर रिंग-पिस्टनमधून दाब खाली उतरतोय. हे घरी करू नका, गरम ऑइल अंगावर उडतं. शंका आली की चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजतो आणि आकडे कागदावर लिहून देतो. चारही एकमेकांच्या जवळ असतील तर दोन लाख रनिंगचं इंजिनसुद्धा बिनधास्त चालतं. एकच सिलिंडर बराच खाली असेल तर काम हेडचं आहे की रिंगचं, ते आधी कळलं पाहिजे. दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे.

हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल जात असेल आणि बाहेर कुठंही गळती दिसत नसेल, तर वरवरच्या मलमपट्टीत पैसे घालू नका. तिथं मोठं काम तरी करायचं, नाहीतर विकायचं.

बोअरचं पाणी

हे आम्हाला कळकळीनं सांगायचंय. आपल्या भागात गाड्या जितक्या रनिंगनं खराब होतात, तितक्याच पाण्यानं होतात. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. प्यायलाच पाणी नव्हतं, तिथं रेडिएटरसाठी चांगलं पाणी कोण शोधणार? जे मिळेल ते बोअरचं पाणी लोकांनी ओतलं. ती सवय अजून सुटलेली नाही. असा रेडिएटर उघडला की आतल्या बारीक नळ्यांवर चहाच्या जुन्या पातेल्याला धरतो तसा पांढरा थर दिसतो. नखानं खरवडला तर पापुद्रा निघतो. पाणी फिरत नाही, एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशांत एसी लावून घाटात गाडी तापते, हेड वाकतं, आणि आठ-दहा हजारांचं काम चाळीस हजारांवर जातं.

म्हणून गाडी तापते एवढ्यावरून ती विकायला काढू नका. आधी रेडिएटर, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप आणि पंखा बघून घ्या. आणि त्यात कूलंटच टाका. मिसळायचं पाणी डिस्टिल्ड घ्या.

आपल्या कोरड्या हवेचा एक फायदाही आहे. इथं वापरलेल्या गाडीचा पत्रा सहसा गंजत नाही. कोकणात किंवा मुंबईत राहिलेली गाडी वरून चकाचक दिसते आणि खाली फ्लोअर, साइड मेंबर खाल्लेले असतात. तुमची गाडी पहिल्यापासून मराठवाड्यातच असेल, अपघाताची नसेल, तर तिच्या सांगाड्यात जीव आहे. ही गोष्ट दुरुस्तीच्या बाजूनं मोजा.

कधी आम्हीच विका म्हणतो

एकदा आमच्याकडून चूक झाली. एका शेतकरी दादांच्या डिझेल गाडीचं फुल इंजिन आम्ही बांधून दिलं, 85 हजार लागले. चार महिन्यांनी गिअरबॉक्स गेला, पावसाळ्यात डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा भाग). इंजिन उघडण्याआधी आम्ही गिअरबॉक्स नीट बघितला असता, तर त्यांना तेव्हाच विका म्हणालो असतो. सोयाबीनचे पैसे त्या गाडीत गेले. तेव्हापासून इंजिनाचं मोठं काम घेण्याआधी गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि स्टिअरिंग तपासल्याशिवाय आम्ही अंदाज देत नाही. यातली दोन मोठी कामं एकदम निघत असतील तर आमचा सल्ला विकण्याचाच राहील.

चेसिसला मार बसलेला असेल, गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली असेल किंवा एअरबॅग एकदा उघडून नुसत्या कव्हरनं झाकलेल्या असतील, तर पैशाचा हिशेब बाजूला ठेवा. त्या गाडीत लेकरंबाळं बसवू नका.

वापरही बघा. घरात आजारी माणूस असेल आणि रात्री-अपरात्री बार्शी-टेंभुर्णी मार्गे पुण्याला निघावं लागत असेल, तर वर्षातून दोनदा रस्त्यात उभी राहणारी गाडी स्वस्त असूनही परवडत नाही. उलट तुळजापूर, औसा, शेत आणि बाजार एवढाच फेरा असेल तर थोडी कुरकुरणारी गाडीही पुरते.

पंधरा वर्षांचं काय?

"डिझेल गाडी दहा वर्षांनी बंद होणार" असं ऐकून लोक घाबरून मिळेल त्या भावात गाडी देतात. तो विषय दिल्ली आणि तिच्या परिसरातला आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून, ती योग्य ठरली तर पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो. कारसाठी 2022 पासून नूतनीकरणाची फी 5 हजार आहे, पर्यावरण कर वेगळा, आणि उशीर केला तर महिन्याला दंड चढतो. वीस वर्षांपुढच्या गाड्यांची फी 2025 मध्ये आणखी वाढली आहे.

म्हणून चौदाव्या वर्षी मोठं काम काढण्याआधी पासिंगचा, म्हणजे या नूतनीकरणाचा, खर्च अंदाजात धरा. विकायचं ठरलंच असेल तर नूतनीकरणाच्या तोंडावर विकू नका. त्या वेळी घेणारा तो सगळा खर्च तुमच्या भावातून कापतो.

मारुतीनं 2020 मध्ये बीएस-6 हे धुराचे कडक नियम आल्यावर डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळे चांगल्या ठेवलेल्या जुन्या डिझेल स्विफ्ट-डिझायरला आपल्याकडे अजून मागणी आहे. पहिल्याच फोनवर भाव ठरवू नका.

विकायची ठरली तर

विकण्याआधी पेंट मारू नका. नवा रंग दिसला की घेणारा अपघाताचा संशय घेतो आणि पेंटचे पैसेही निघत नाहीत. आतून-बाहेरून स्वच्छ धुवा, बल्ब-वायपर चालू करा, सर्व्हिसची बिलं एका फाइलला लावा. दोन लाख रनिंगची गाडी बिलांसह विकली तर तिला मान मिळतो. मीटर मागं करून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. ती फसवणूक आहे, आणि उद्या गाडी घेतलेला माणूस तुमच्याच दारात येतो.

सगळ्यात महत्त्वाचं, गाडी नावावरून उतरवा. फॉर्म 29 आणि 30 वर (मालकी बदलाचे आरटीओचे फॉर्म) सह्या करून बाकीचं काम गाडी घेणाऱ्याच्या भरवशावर सोडू नका. नोंदणी तुमच्या नावावर असेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानं 2018 च्या एका निकालात हे स्पष्ट केलं आहे. बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवा, फास्टॅग बंद करा. क्लेम न घेतल्याचा बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलंत तर तो पुढच्या गाडीच्या विम्यात वापरता येतो.

आमच्याकडे तपासणीला येताना

शक्यतो आदल्या संध्याकाळी गाडी आणून लावा. रात्रभर थंड झालेलं इंजिन सकाळी तुमच्यासमोर सुरू करू. पहिल्या स्टार्टचा आवाज आणि धूर दिवसभर चाललेल्या गाडीत कळत नाही. येण्याआधी इंजिन धुऊ नका, गळती कुठून आहे ते आम्हाला दिसू द्या. आरसी, विम्याची प्रत आणि जुनी बिलं सोबत ठेवा. गेल्या वर्षभरात किती किलोमीटर चालली आणि किती वेळा रस्त्यात थांबली, एवढं आठवून या.