मदतनिधीचा आकडा कोठून मोजायचा : सेवा क्लबांच्या निधीसंकलनाची पार्श्वभूमी

सेवा क्लबांचा मदतनिधी म्हणजे कार्यक्रमातून जमलेली एकूण रक्कम की खर्च वजा जाता उरलेली, यावर वाद होतो. अमेरिकेत १९०५ आणि १९१७ साली जन्मलेल्या रोटरी आणि लायन्स या दोन सेवासंघटनांचे क्लब मुंबईत अनुक्रमे १९२९ आणि १९५६ साली सुरू झाले आणि पुढे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. १९८५ साली त्यांपैकी रोटरीने पोलिओ निर्मूलनाचा जागतिक कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा लसीकरणाच्या दिवशी बूथवर बसणारा, घरोघर फिरणारा सभासद गावाच्या परिचयाचा झाला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या विभागात भारत मोडतो तो पोलिओमुक्त घोषित झाला. त्या यशात या क्लबांचा वाटा मोठा आहे.

या क्लबांच्या नेत्रशिबिरांचे स्वरूप याच काळात बदलले. शाळेच्या वर्गात तात्पुरते शस्त्रक्रियागृह उभारण्याची पद्धत कृत्रिम भिंगरोपणाबरोबर आणि संसर्गाच्या भीतीमुळे मागे पडली. आता शिबिरात केवळ तपासणी होते आणि रुग्णांना गाडीने रुग्णालयात नेऊन शस्त्रक्रिया केली जाते. त्यामुळे केवळ श्रमदानावर भागेना, प्रवासासाठी, भिंगांसाठी आणि औषधांसाठी रोख पैसा लागू लागला. नाटकाचा प्रयोग किंवा गाण्यांचा कार्यक्रम, देणगी प्रवेशिका आणि जाहिरातींची स्मरणिका ही त्रयी मदतनिधीचा मुख्य आधार ठरली ती अशा गरजांपोटी.

वादाचे मूळ या त्रयीतच आहे. समजा, प्रवेशिकांतून ३ लाख आणि स्मरणिकेतून २ लाख रुपये आले, आणि नाट्यगृहाचे भाडे, नाट्यसंस्थेची बिदागी, छपाई व जेवणावळी यांवर मिळून अडीच लाख खर्च झाले. मंचावरून घोषणा होते ती ५ लाखांच्या निधीची, पण रुग्णांपर्यंत पोहोचतात अडीच लाख. अशा संघटनांच्या नियमांत सभासदांच्या वर्गणीचे प्रशासकीय खाते आणि जनतेकडून जमवलेल्या पैशाचे सेवाकार्य खाते वेगळे ठेवण्याचे बंधन असते. कार्यक्रमाचा प्रत्यक्ष खर्च जमा रकमेतून वजा करता येतो, मात्र क्लबच्या स्वतःच्या कारभारासाठी जनतेचा पैसा वापरता येत नाही. ‘प्रत्यक्ष खर्च’ कोठे संपतो यावर मात्र प्रत्येक कार्यकारिणीत नव्याने खल होतो. भाडे आणि बिदागी यांबद्दल दुमत नसते. पाहुण्यांचा मुक्काम, शाल-श्रीफळ, सभासदांच्या कुटुंबीयांचे भोजन आणि पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांचे फलक हे कोणत्या खात्यातून द्यायचे, हा खरा प्रश्न असतो. चांगला कार्यक्रम केल्याशिवाय प्रवेशिका खपत नाहीत आणि पाहुण्यांचा मान राखल्याशिवाय पुढील वर्षी प्रायोजक मिळत नाहीत, असे एका बाजूचे म्हणणे असते आणि ते निराधार नाही. तरीही ज्या दुकानदाराने रुग्णाच्या नावाने पैसे दिले, त्याच्या पैशातून यजमानांचे जेवण होणे योग्य नव्हे; तो भार वर्गणीनेच उचलला पाहिजे.

या प्रश्नात दिनदर्शिकेने आणखी गुंता निर्माण केला. क्लबचे वर्ष जुलैत सुरू होते, तर क्लबने स्थापन केलेल्या धर्मादाय न्यासाचे हिशेब ३१ मार्चला बंद होतात. हिवाळ्यात जमवलेला निधी पुष्कळदा पुढील अध्यक्षाच्या कारकिर्दीत खर्च होतो आणि पदग्रहण समारंभात मांडलेला आकडा लेखापरीक्षित ताळेबंदाशी जुळत नाही. त्यात गैरव्यवहार असतोच असे नाही, पण शंका मात्र वाढते.

न्यास वेगळा काढण्यामागे करसवलतीचे कारण होते. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदणी करून ‘८०जी’ची, म्हणजे प्राप्तिकर कायद्यातील देणग्यांविषयीच्या कलमाची, मान्यता मिळवली की देणगीदाराला करपात्र उत्पन्नातून वजावट मिळू शके. पण रोख देणगीवरील वजावटीची मर्यादा आर्थिक वर्ष २०१७-१८ पासून १० हजारांवरून २ हजार रुपयांवर आली, आणि २०२१-२२ पासून देणगीदारांचा तपशील प्राप्तिकर खात्याकडे विवरणपत्राद्वारे सादर करणे आवश्यक झाले. बाजारपेठेत फिरून पावतीपुस्तकावर रोख गोळा करण्याच्या जुन्या रीतीला याचा फटका बसला. स्मरणिकेतील जाहिरात मात्र व्यापाऱ्याला व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवता येत असल्याने टिकून राहिली.

दरम्यान १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक झाले. डायलिसिस यंत्र किंवा रुग्णवाहिका यांसारख्या गोष्टी नाटकाच्या एका प्रयोगातून येणे कठीण होते; त्या या निधीमुळे छोट्या गावांच्या आवाक्यात आल्या. करोनाच्या काळात नाट्यगृहे बंद असताना तर कार्यक्रमांचा मार्गच खुंटला होता. कंपन्यांच्या या निधीसाठी अर्ज करणाऱ्या न्यासाला १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, कामाचा पूर्वानुभव दाखवावा लागतो आणि खर्चाचा हिशेब कंपनीला द्यावा लागतो. कंपन्यांना प्रशासकीय खर्चासाठी या निधीच्या नियमांनी एकूण सामाजिक खर्चाच्या ५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. प्रवेशिका विकत घेणाऱ्या गावकऱ्याला मात्र आपल्या पैशातील किती भाग कार्यक्रमावर जावा हे ठरवणारी अशी कोणतीही मर्यादा नाही, आणि कार्यक्रमाच्या जमाखर्चाचे पत्रक सूचनाफलकावर लावायचे की नाही हे अजूनही त्या त्या वर्षीच्या कार्यकारिणीवर सोडलेले असते.