पट्टीवरचा ‘प्लस’ आणि प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो: बाळंतपणाच्या सुमारास दोन्ही कसे वाचावेत

गरोदरपणाच्या कागदपत्रांत लघवीतील प्रोटीनची नोंद दोन प्रकारे आढळते. आरोग्य केंद्रात लघवीत रंग बदलणारी पट्टी बुडवून केलेल्या तपासणीनंतर ‘अल्ब्युमिन (एक प्रोटीन): निल’, ‘ट्रेस’ किंवा ‘प्लस वन’ असे लिहिले जाते, प्रयोगशाळेच्या रिपोर्टात मात्र प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो म्हणून ०.२ किंवा ०.५ असा आकडा येतो. ही एकाच मापाची दोन रूपे आहेत, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

पट्टी लघवीतील प्रोटीनचा दाटपणा मोजते. साधारणपणे दर १०० मिलिलिटर लघवीत ३० मिलिग्रॅम प्रोटीन असले की ‘प्लस वन’चा रंग येतो आणि १०० मिलिग्रॅमच्या आसपास ‘प्लस टू’चा. साहजिकच, कळा सुरू झाल्यापासून घोटभर पाण्यावर राहिलेल्या बाईची लघवी गडद असते आणि मूत्रपिंडे ठणठणीत असूनही पट्टी रंगू शकते. रेशोमध्ये प्रोटीनला त्याच नमुन्यातील क्रिएटिनिनने, म्हणजे स्नायूंतून तयार होणाऱ्या टाकाऊ पदार्थाने, भागलेले असते. क्रिएटिनिन दिवसभर बऱ्यापैकी एकसारख्या गतीने बाहेर पडत असल्याने लघवी पातळ झाली, तर दोन्ही घटक सारखेच पातळ होतात. समजा, एका गडद नमुन्यात दर १०० मिलिलिटरमागे प्रोटीन ४० आणि क्रिएटिनिन २०० मिलिग्रॅम आहे. पट्टी ‘प्लस वन’ दाखवील, पण रेशो ०.२ म्हणजे ०.३ या मर्यादेच्या आत. दुसऱ्या, पाण्यासारख्या नमुन्यात प्रोटीन १५ आणि क्रिएटिनिन ३० असेल, तर पट्टी जेमतेम ‘ट्रेस’ दाखवील आणि रेशो भरेल ०.५.

म्हणून रेशो अधिक भरवशाचा, हे खरेच. पण तो फक्त पाण्याचा हिशेब दुरुस्त करतो. प्रोटीन मूत्रपिंडातून आले की वाटेत मिसळले, हे त्याला कळत नाही. पाणमोट फुटल्यावर गर्भजल आणि प्रसूतीनंतर अंगावरून जाणारे रक्त नमुन्यात मिसळते, आणि या दोन्हींत प्रोटीन असतेच. कॅथेटरने (मूत्राशयात घातलेल्या नळीने) घेतलेल्या नमुन्यात ही भेसळ बरीच टळते. तरीही रक्तदाब पूर्णपणे सामान्य असलेल्या काही निरोगी स्त्रियांत प्रसूतीच्या वेळी आणि नंतरच्या पहिल्या काही दिवसांत रेशो ०.३ च्या वर गेलेला दिसतो. ०.३ ही मर्यादा मुळात गरोदरपणात २४ तासांत ३०० मिलिग्रॅम प्रोटीन जाण्याच्या निकषाशी जोडलेली आहे. प्रसूतीच्या दिवसासाठी ती आखलेली नाही, आणि या एका आकड्यावरून बाळंतिणीला आजारी ठरवणे मला घाईचे वाटते.

आधी पाहायचा तो रक्तदाब. तो किमान चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणाशी निगडित उच्च रक्तदाबाच्या गंभीर आजाराचा, विचार करावाच लागतो; अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१३ मध्ये या निदानासाठी लघवीतील प्रोटीनची सक्तीच काढून टाकली, कारण प्लेटलेट घटणे किंवा यकृताच्या चाचण्या बिघडणे हीदेखील त्याची खूण असू शकते. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: हा आजार प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांतही उद्भवतो, त्यामुळे तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे, बरगड्यांखाली दुखणे किंवा धाप लागणे असे काही झाल्यास पट्टी ‘निल’ असली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

रक्तदाब नीट असताना रेशो वाढलेला आढळला, तर अंगावरून जाणे थांबल्यानंतर, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना पुन्हा द्यावा. तीन महिन्यांनंतरही प्रोटीन जात राहिले, तर मूत्रपिंडविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.