तेरेझिनचा ‘रेक्विएम’: एका वादग्रस्त निवडीची पार्श्वभूमी

होलोकॉस्टमधील, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातील, बळींच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफलींमध्ये इटालियन संगीतकार व्हर्दीचा ‘रेक्विएम’ आता चांगलाच रुळला आहे. ही रचना कॅथलिक मृतप्रार्थनेवर बेतलेली. 1874 मध्ये मिलानच्या एका चर्चमध्ये, एका इटालियन साहित्यिकाच्या पहिल्या स्मृतिदिनी ती प्रथम गायली गेली. ज्यूंच्या आठवणीशी तिचे नाते जुळले ते प्रागच्या उत्तरेकडील तेरेझिन गेट्टोत, म्हणजे ज्यूंना डांबून ठेवलेल्या वस्तीत.

1941 च्या अखेरीपासून तिथे सुमारे 1,40,000 ज्यूंना कोंबण्यात आले. त्यांतले सुमारे 33,000 भूक आणि रोगराईने तिथेच गेले, तर सुमारे 88,000 जणांना पूर्वेकडच्या छावण्यांत पाठवण्यात आले. गाणेबजावणे सुरुवातीला चोरूनच चाले. पुढे नाझी प्रशासनाने ते चालू दिले, कारण जगाला दाखवायला ते सोयीचे होते.

प्रागहून आणलेल्या एका तरुण संगीत संचालकाने 1943 मध्ये ‘रेक्विएम’ बसवायला घेतला. स्वरलिपीची प्रत एकच, वाद्यवृंद नाही, साथीला पियानो. सुमारे 150 कैद्यांनी लॅटिन शब्द आणि चाली पाठ केल्या. गेट्टोतल्या ज्यू ज्येष्ठांच्या मंडळाला हे पसंत नव्हते. आपली एवढी मोठी परंपरा असताना ज्यूंनी कॅथलिक प्रार्थना का गावी, हा त्यांचा प्रश्न. हा आक्षेप आज कर्मठपणा म्हणून बाजूला सारला जातो, तो अन्याय आहे. ज्यू असण्यावरून माणसे मारली जात होती. अशा वेळी दुसऱ्या धर्माचे शब्द तोंडी घेणे ही साधी बाब नव्हती.

संचालक मात्र हटला नाही. न्यायाच्या दिवशी एकही अपराध शिक्षेवाचून सुटणार नाही, असे या प्रार्थनेत स्पष्ट म्हटले आहे. जे नाझींना तोंडावर बोलता येत नाही, ते गाऊन सांगू, अशी त्याची भूमिका वाचलेल्या गायकांनी नंतर सांगितली. पहिल्या प्रयोगानंतर वृंदातले अनेक जण ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवले गेले, तरी नवे गायक घेऊन तयारी पुन्हा सुरू झाली. शेवटचा प्रयोग जून 1944 मधला. रेड क्रॉसच्या पाहणीसाठी गेट्टो रंगवून-सजवून ठेवला होता, त्याच काळातला. म्हणजे हे गाणे प्रतिकार होते आणि त्याच वेळी नाझींच्या देखाव्याचा भागही. मैफलींच्या माहितीपत्रकांत यातली पहिलीच बाजू ठळकपणे छापली जाते. ऑक्टोबर 1944 मध्ये संचालकालाही ऑशविट्झला पाठवले गेले. तो परतला नाही.

युद्धानंतर स्मरणसंगीत आधी नव्या रचनांतून आले. वॉर्साच्या गेट्टोवरची एक रचना 1947 ची. कीवजवळच्या बाबी यारमधील हत्याकांडापासून सुरू होणारी सिंफनी 1962 मध्ये मॉस्कोत वाजली आणि सोव्हिएत दडपणाखाली तिचे काही शब्द लवकरच बदलावे लागले. 1994 मध्ये तर खुद्द व्हॅटिकनमध्ये पोपसमोर स्मरणमैफल झाली. तेरेझिनच्या प्रयोगाची कथा, वाचलेल्यांच्या चित्रित मुलाखती आणि ‘रेक्विएम’ एकत्र गुंफणारा अमेरिकी कार्यक्रम 2002 पासूनचा. 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 27 जानेवारी हा स्मृतिदिन ठरवल्यावर अशा मैफलींना ठरलेली तारीखही मिळाली.

त्यातून एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला: स्मरण करायचे, तर बळींनी स्वतः रचलेले संगीत का नको? तेरेझिनमध्येच लिहिलेला, मृत्यूच संपावर जातो अशा कथेचा ऑपेरा तालमीनंतरही तिथे रंगमंचावर येऊ शकला नाही. त्याचा पहिला प्रयोग 1975 मध्ये ॲमस्टरडॅमला झाला. व्हर्दीला तेवढी वाट कधीच पाहावी लागली नव्हती.