वर्ध्याचा चट्टा, गडचिरोलीचा मणी

साथरोगांचं संशोधन म्हटलं की डोळ्यांपुढे प्रयोगशाळा येते. विदर्भात मात्र ही गोष्ट सुरू होते ती वर्ध्याजवळ दत्तपूरला, १९३६ साली, मनोहर दिवाणांच्या कुष्ठधामात. तेव्हा ती निव्वळ सेवाच होती, कारण गुणकारी औषध नव्हतं. सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला मालिश करत, ते याच काळात.

कुष्ठरोगावर डॅप्सोनची गोळी आली आणि चित्र पालटलं. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन उभं राहिलं. डॉ. वारदेकरांनी साधा पण उलटा विचार केला: रोग्याला वसाहतीत आणायचं नाही, आपणच घरोघर जायचं. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. अंगणातल्या उजेडात पाठीवरचा फिकट चट्टा शोधायचा, डोळे मिटायला सांगायचं, कापसाचं टोक टेकवायचं आणि म्हणायचं, "कुठं लागलं, बोट ठेवा." बोट हललं नाही की समजायचं, चट्टा बधिर आहे, कुष्ठरोगाचा आहे. हे काम डॉक्टर नसलेली, पण शिकवून तयार केलेली माणसं करत. १९५५ च्या राष्ट्रीय कार्यक्रमानं हीच पद्धत उचलली.

१९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं. तिथल्या विद्यार्थ्यांना आधी आश्रमात आणि मग खेड्यात मुक्काम करावा लागतो. हत्तीरोगावरचं संशोधनही तिथेच वाढलं.

पुढचा टप्पा गडचिरोलीचा. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून परतलेल्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. लेकरं न्यूमोनियानं जात होती. श्वास मोजायचे तर गावातल्या दाईला आकडे येत नव्हते. मग मणी आले. वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की न्यूमोनिया. (माझ्या मते विदर्भातलं सगळ्यात देखणं वैद्यकीय उपकरण हेच.) १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं निष्कर्ष छापले: कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्यांत मृत्यू ०.८ टक्के, तुलनेच्या गावांत १३.५. बंग यांचा १९९९ चा निबंध त्याहून धीट होता. त्यात ३९ गावांतल्या बायका नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर घरीच जेंटामायसीन या प्रतिजैविकाची सुई टोचत होत्या.

त्यातूनच आशाताईंच्या गृहभेटी देशभर गेल्या. त्यांच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ असतं. सुई मात्र सरकारनं नर्सबाईंच्याच हातात ठेवली.