गळ्याची सूज आणि आवर घालणाऱ्या पेशी

मुलांच्या उंचीच्या खुणा भिंतीवर पेन्सिलीने केलेल्या असतील, तर कधीकधी थायरॉइडचा हा आजार डॉक्टरांच्या आधी त्या भिंतीवर दिसतो. आठव्या-नवव्या वर्षापर्यंत खुणा ठरावीक अंतराने वर सरकत जातात आणि मग एकमेकींना खेटून पडायला लागतात. मूल शाळेत जातं, अभ्यासही बहुधा नीट करतं, फक्त वाढत नाही. जरा सुस्तावतं, थंडी जास्त वाजते, पोट साफ होत नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला सूज दिसली की रक्त तपासलं जातं आणि अहवाल येतो: टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं हार्मोन) वाढलेलं, थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) भरपूर. हा हाशिमोटो थायरॉइडायटिस. पुरेसं आयोडीन मिळणाऱ्या प्रदेशांत, जन्मजात दोष सोडले तर, मुलांची थायरॉइड मंदावण्याचं हेच सर्वांत मोठं कारण आहे. मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये तो कितीतरी जास्त आढळतो.

निदान ऐकल्यावर पालक बऱ्याचदा विचारतात, ‘प्रतिकारशक्ती कमी पडली का? ती वाढवायला काय देऊ?’ या प्रश्नामागची काळजी मला कळते, पण गाडी उलट्या दिशेने निघालेली असते. इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. तिला आवर घालणारं कुणीतरी कमी पडलेलं असतं.

१९१२ साली हाकारू हाशिमोटो या तरुण जपानी शल्यविशारदाने चार स्त्रियांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या थायरॉइड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. निरोगी थायरॉइड तिथे फार देखणी दिसते. गोलसर कप्पे, प्रत्येकाला पेशींच्या एकाच थराची भिंत आणि आत चिकट द्रव. या द्रवात पुढचे काही आठवडे पुरेल इतका हार्मोनचा साठा असतो. हाशिमोटोंना दिसलं ते वेगळंच होतं. कप्पे आकसलेले, भिंती विस्कटलेल्या आणि मधल्या जागेत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची दाटी. ही दाटी इतकी शिस्तबद्ध असते, की जणू थायरॉइडच्या आतच एखादी लसिकागाठ तयार झाली आहे. या पेशी तिथे काय करत होत्या, ते मात्र त्यांना सांगता आलं नाही.

त्याला आणखी ४४ वर्षं लागली. शरीर स्वतःवर उलटत नाही, हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल एर्लिख यांनी मांडलेला विचार तोवर जवळपास नियम होऊन बसला होता. १९५६ मध्ये अमेरिकेत नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉइडचा अर्क टोचला आणि त्यांची थायरॉइड सुजली. त्याच वर्षी लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनिआक आणि सहकाऱ्यांना हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं सापडली.

पण मग आपल्या सगळ्यांचीच थायरॉइड का सुजत नाही? छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत टी-पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, तयार होतात. ज्या स्वतःच्या शरीराला जोरात चिकटतात, त्या तिथेच बाद केल्या जातात. ही चाळणी चांगली असली तरी तिची छिद्रं फार बारीक नाहीत. थायरॉइडला ओळखणाऱ्या काही टी-पेशी निरोगी माणसाच्या रक्तातही फिरत असतात आणि आयुष्यभर गप्प राहतात.

त्यांना गप्प कोण ठेवतं, याचं उत्तर उंदरांनी दिलं. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी थायमस काढून टाकली, तर उंदरांच्या अंडाशयाचा, जठराचा, थायरॉइडचा त्यांच्याच पेशी नाश करतात, असं जपानमध्ये दिसून आलं होतं. टी-पेशींचं उगमस्थान काढल्यावर हल्ला कमी व्हायला हवा, तो वाढलाच कसा? शिमोन साकागुची या कोड्याला वर्षानुवर्षं चिकटून राहिले. १९९५ मध्ये त्यांनी टी-पेशींमधून सीडी२५ ही खूण असलेल्या पेशी वेगळ्या काढल्या आणि उरलेल्या पेशी, स्वतःच्या टी-पेशी नसलेल्या उंदरांना दिल्या. त्या उंदरांना थायरॉइडायटिससह अनेक ग्रंथींचे आजार झाले. बाजूला काढलेल्या पेशी परत दिल्या, तर आजार टळला. याच नियामक टी-पेशी, म्हणजे इतर टी-पेशींना आवर घालणाऱ्या. पुढे २००१ मध्ये मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्या घडवणारं फॉक्सपी३ हे जनुक शोधलं. ते जनुक बिघडलेल्या मुलग्यांना तान्ह्या वयातच मधुमेह, आतड्याचा दाह, इसब आणि थायरॉइडचा आजार असे एकापाठोपाठ एक त्रास सुरू होतात. या तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

हाशिमोटो झालेल्या मुलांचं फॉक्सपी३ सहसा ठीकठाक असतं. त्यांच्यात नियामक पेशी असतात, सुजलेल्या थायरॉइडमध्येही सापडतात. त्या मोजून फारसं हाती लागत नाही, कारण बिघाड बऱ्याचदा त्यांच्या कामात असतो. प्रयोगशाळेत त्यांना चवताळलेल्या टी-पेशींसोबत ठेवलं, तर त्यांचा आवर सैल पडलेला दिसतो.

हा आवर असतो तरी कसा? टी-पेशींना वाढायला इंटरल्युकिन-२ हे संदेशवाहक प्रथिन लागतं. नियामक पेशी सीडी२५ च्या मदतीने ते आधीच शोषून घेतात आणि शेजारच्यांची उपासमार करतात. दुसरी रीत अधिक विलक्षण आहे. टी-पेशीला चेतवणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर तिला ‘हो, पुढे जा’ असं सांगणारे रेणू असतात. नियामक पेशी सीटीएलए-४ या प्रथिनाने ते रेणू अक्षरशः ओरबाडून गिळून टाकतात. याच सीटीएलए-४ च्या जनुकातले छोटे फेरफार थायरॉइडच्या स्वप्रतिकार आजारांशी जोडलेले आहेत. कर्करोगावरची काही औषधं हा आवर मुद्दाम काढून घेतात, आणि ती घेणाऱ्या काही रुग्णांची थायरॉइड सुजते. माणसातला याहून स्पष्ट पुरावा शोधून सापडणं कठीण.

त्यात दाह स्वतःच आगीत तेल ओततो. नव्या टी-पेशीला टीजीएफ-बीटा हा संदेश एकटा मिळाला, तर ती नियामक होऊ शकते. सोबत दाहातून येणारं इंटरल्युकिन-६ मिळालं, तर ती टीएच१७ ही दाह वाढवणारी पेशी होण्याकडे झुकते. म्हणजे सुजलेल्या ग्रंथीत नवे शांत हात तयार होणंही अवघड होऊन बसतं.

मुलाला दिली जाणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी यातल्या कशालाही हात लावत नाही. ती फक्त कमी पडलेलं हार्मोन भरून काढते, आणि तेवढंही मोठं काम आहे, कारण वाढ पुन्हा सुरू होते. रोज उपाशीपोटी, ठरल्या वेळी गोळी दिली आणि सुरुवातीला सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पाहून मात्रा जुळवली, की बहुतेक मुलं छान सावरतात. प्रतिपिंडांचा आकडा दर वेळी पुन्हा तपासून उपचार बदलत नाहीत. पालकांनी त्या आकड्यावर झोप घालवू नये, असं मला मनापासून वाटतं.

लक्ष दुसरीकडे ठेवावं लागतं. एका ग्रंथीपुरता सैल झालेला आवर दुसरीकडेही सैल असू शकतो. टाइप-१ मधुमेह आणि सीलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारी इजा) कधीकधी हाशिमोटोच्या सोबतीने येतात, आणि टर्नर किंवा डाउन सिंड्रोम हे गुणसूत्रांचे जन्मजात दोष असलेल्या मुलांमध्ये हाशिमोटोचं प्रमाणच जास्त असतं. म्हणून थायरॉइडची गोळी नीट चालू असतानाही मुलाला फार तहान लागू लागली, वारंवार लघवीला जावं लागलं किंवा वजन उतरू लागलं, तर रक्तातली साखर त्याच दिवशी तपासून घ्यावी.