डॉसवरचा बॅश, टॅब आणि कोलनची कटकट

सांगलीत, विश्रामबागेतल्या लॅबमध्ये, आमच्या वाट्याला डॉसचंच (विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालवायची ऑपरेटिंग सिस्टिम) मशीन यायचं. डीजे डेलोरींनी 1989 मध्ये सुरू केलेल्या डीजेजीपीपीमुळे (युनिक्सची साधनं डॉसवर आणणारा संच) 386 प्रोसेसरवरसुद्धा जीसीसी हा कंपायलर आणि बॅश हा युनिक्सचा शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्राम, चालायचा. फाइलच्या नावाची दोन अक्षरं लिहायची, टॅब दाबायचा, बाकीचं शेल भरतो. ही चैन आम्हाला नवी होती. फक्त ड्राइव्हचं अक्षर मध्ये आलं की ती बिनसायची.

डॉस आणि युनिक्सचं हे भांडण जुनं आहे. ड्राइव्हला 'सी:' म्हणायची पद्धत सीपी/एम या डॉसच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून आली. 1981 च्या डॉसमध्ये डिरेक्टऱ्याच नव्हत्या, आणि स्लॅश कमांडच्या स्विचसाठी (कमांडला जोडायच्या पर्यायांसाठी) वापरात होता. मार्च 1983 मध्ये, 10 एमबी हार्ड डिस्कच्या पीसी-एक्सटीबरोबर, डॉस 2.0 ने डिरेक्टऱ्या आणल्या, तोवर स्लॅशची जागा भरलेली. मग डिरेक्टऱ्यांची नावं वेगळी करायला बॅकस्लॅश. गंमत म्हणजे डॉसच्या गाभ्याला सरळ स्लॅशही चालतो. अडवायचा तो कमांड.कॉम, डॉसचा स्वतःचा शेल.

युनिक्सच्या शेलमध्ये मात्र बॅकस्लॅश म्हणजे पुढच्या अक्षराचा खास अर्थ काढून घेणारं चिन्ह. म्हणून 'सी:\डीजेजीपीपी\बिन' लिहिलं की बॅश दोन्ही बॅकस्लॅश गिळतो आणि उरतं 'सी:डीजेजीपीपीबिन'. डॉस त्यालाही चुकीचं म्हणत नाही! सी ड्राइव्हवर तुम्ही सध्या ज्या डिरेक्टरीत आहात, तिथे त्या नावाची फाइल शोधतो. मिळते कशाला.

कोलनचं दुखणं याहून वाईट. युनिक्सच्या पाथ व्हेरिएबलमध्ये (प्रोग्राम कुठे शोधायचे त्या डिरेक्टऱ्यांची यादी) कोलन दोन डिरेक्टऱ्या वेगळ्या करतो (डॉसने तिथे सेमिकोलन घेतला, ड्राइव्हमुळेच), म्हणून बॅशच्या शब्द तोडणाऱ्या चिन्हांत तो आहे. 'सी:/डीजे' तुटलं की टॅबसाठी उरतं '/डीजे', आणि शोध लागतो चालू ड्राइव्हवर. मिरजेत उभं राहून कुणाला नुसतं 'स्टँड कुठंय?' विचारलं, तर तो मिरजेचंच दाखवणार. आपल्या मनात सांगलीचं असलं तरी.

डीजेजीपीपीने '/डेव/सी/डीजेजीपीपी' अशी लिहिण्याची सोय दिली. त्यात कोलनही नाही, बॅकस्लॅशही नाही. टॅबचं काम करणाऱ्या रीडलाइनच्या कोडमध्येही डॉसपुरत्या अटी घातलेल्या दिसतात: एक अक्षर-कोलनसाठी, दुसरी ड्राइव्ह '//सी/' असा लिहिण्याच्या रूपासाठी. दुसरीवरच्या टिपेत लिहिणाऱ्याने सरळ 'स्पेशल हॅक' म्हटलंय.