दोन टोमणे, एक भांडं: कडधान्य आणि पाल्याच्या स्ट्यूची पार्श्वभूमी

नेपल्सच्या माणसाला इटलीत एके काळी ‘मांजाफोल्या’ म्हणत, म्हणजे पालेखाऊ. टस्कनीचा माणूस ‘मांजाफाजोली’, घेवडेखाऊ. दोन्ही नावं चिडवण्यासाठी ठेवलेली. ज्याच्या ताटात मांस क्वचित पडतं तो पोट कशावर भरतो, हे त्यांतून उघड सांगितलेलं. सतराव्या शतकात नेपल्समध्ये मॅकरोनी स्वस्त झाली आणि तिथले पालेखाऊ हळूहळू मॅकरोनीखाऊ झाले. टस्कनीवाल्यांचं नाव मात्र पुसलं गेलं नाही, आता तर ते स्वतःच ते मिरवतात. कडधान्य आणि पालेभाजी एकत्र रटरटवून केलेला जो दाट स्ट्यू आज पौष्टिक म्हणून हौसेने केला जातो, त्यात हे दोन्ही टोमणे एकाच भांड्यात शिजत असतात.

हा पदार्थ कुणी शोधून काढलेला नाही. थंड प्रदेशात हिवाळा लागला की शेतकऱ्याच्या घरात दोन गोष्टी त्यातल्या त्यात खात्रीच्या असत: पोत्यातलं वाळलेलं कडधान्य आणि परसात उभी असलेली कोबीच्या कुळातली पानं. ही पानं थंडीला दाद देत नाहीत. उलट गोठण्यापासून वाचण्यासाठी ती पेशींत साखर साठवतात, म्हणून कडाक्याच्या थंडीनंतर तोडलेली केल जास्त गोड लागते. खारवलेलं मांस घरात असलंच तर त्याचा तुकडा चवीपुरता पडे. शिवाय घर उबदार ठेवण्यासाठी चूल दिवसभर धुमसतच असे, त्यामुळे तासन् तास शिजणाऱ्या दाण्यांना वेगळं सरपण लागत नसे. आज दोन तास गॅस जाळावा लागतो म्हणून आपण या स्ट्यूला वेळखाऊ म्हणतो. चुलीच्या काळात यापेक्षा बिनकटकटीचा स्वयंपाक दुसरा नव्हता.

भाषेतही या भांड्याच्या खुणा राहिल्या आहेत. फ्रेंचमध्ये ‘पोताज’ म्हणजे भांड्यात शिजलेलं ते, आणि त्या भांड्यासाठी भाजी पिकवायची बाग ती ‘पोताजे’. स्कॉटलंडमध्ये परसबागेला ‘केलयार्ड’ म्हणत. तिथे ‘केल’ हा शब्द पानांपुरता राहिलाच नाही. आधी तो त्या पानांच्या रश्श्याला लागला आणि पुढे सरळ जेवणालाच.

रोमन काळात या भांड्यातलं कडधान्य म्हणजे बाकला (इंग्रजीत फावा बीन), मसूर, हरभरा, वाटाणा. फाबियस, लेंटुलस आणि सिसेरो ही मातब्बर रोमन घराण्यांची नावं बाकला, मसूर आणि हरभऱ्यावरून आली असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं आहे. म्हणजे तेव्हा तरी कडधान्याचं नाव लावण्यात कमीपणा नव्हता. पाल्याची बाजू घ्यायला रोमन मुत्सद्दी केटो होता. इ.स.पू. १६० च्या सुमारास लिहिलेल्या शेतीवरच्या ग्रंथात त्याने कोबीला सगळ्या भाज्यांच्या वर बसवलं आणि तिला जवळजवळ प्रत्येक दुखण्यावरचं औषध ठरवलं. ही कोबी आजच्यासारखी घट्ट गड्ड्याची नव्हती, सुट्या पानांची होती, केलच्या जवळची. केल, कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल या सगळ्या वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात एकाच जातीच्या आहेत. माणसाने कुठे पान वाढवलं, कुठे फूल, कुठे खोड, एवढाच फरक.

बाकल्याबद्दल एक गोष्ट जाता जाता. पायथागोरसने आपल्या शिष्यांना तो खायला बंदी केली होती असं प्राचीन लेखक सांगतात आणि त्याची नाना कारणं देतात. खरं कारण काहीही असो, भूमध्य समुद्राभोवतीच्या काही लोकांच्या रक्तात जी६पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं आणि बाकला खाल्ल्यावर त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, हे आज माहीत आहे. पायथागोरसला त्याचा अंदाज होता असं काही जण म्हणतात. मला ते ओढूनताणून वाटतं.

मठांनी हे भांडं पुढे नेलं. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत रोजच्या जेवणाला दोन शिजवलेले पदार्थ सांगितले आहेत. धडधाकट साधूंना चारपायी प्राण्यांचं मांस वर्ज्य आहे. मग त्या दोन पदार्थांत बहुतेक दिवशी काय असणार, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. इ.स. ८०० च्या सुमारास फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या राजेशाही मळ्यांसाठी एक फर्मान निघालं. त्यात लावायच्या झाडांची लांबलचक यादी आहे. तीत कोबी आहे, बीट आहे, हरभरा आहे, मोठा बाकला आहे आणि ‘फासिओलुम’ही आहे.

हे फासिओलुम घोटाळ्यात टाकणारं आहे. इटालियन ‘फाजोली’ याच मुळातून आलेला, आणि आज फाजोली म्हणजे घेवडा. पण घेवडा अमेरिकेतला. कोलंबस समुद्र ओलांडायच्या सातशे वर्षं आधी तो शार्लमेनच्या मळ्यात कसा असेल? नव्हताच. ते नाव तेव्हा चवळीचं होतं. चवळी मूळची आफ्रिकेतली. मध्य घानातल्या किंटाम्पो संस्कृतीच्या वस्त्यांमध्ये तिचे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे जळके दाणे सापडले आहेत. युरोपात ती प्राचीन काळापासून रुळलेली होती.

घेवड्याची कथा वेगळीच. राजमा, पांढरा घेवडा, काळा घेवडा, ठिपक्यांचा घेवडा हे सगळे एकाच जातीचे. ही जात माणसाने एकदा नाही, दोनदा माणसाळवली: एकदा मेक्सिकोच्या बाजूला आणि एकदा अँडीज पर्वतात, एकमेकांचा पत्ता नसताना. सोळाव्या शतकात ती युरोपात उतरली. १५४२ साली लेओनहार्ट फुक्सच्या वनस्पतिग्रंथात तिचं चित्रही छापून आलं. आणि मग तिने चवळीची जागा, चवळीचं भांडं आणि चवळीचं नाव, तिन्ही गुपचूप घेतलं. १७५३ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने या अमेरिकी पाहुणीलाच ‘फासिओलुस वुल्गारिस’, म्हणजे ‘नेहमीचा’ फासिओलुस, ठरवून टाकलं. मूळ मालकीण नावाला मुकली ती कायमची.

बटाटा आणि टोमॅटोही त्याच जहाजांनी आले, पण लोकांच्या ताटात सर्रास जायला त्यांना पिढ्यान् पिढ्या लागल्या; लोक त्यांच्याकडे संशयाने बघत. घेवड्याला कुणी अडवलं नाही, कारण त्याच्यासाठी नवं काही शिकायचंच नव्हतं. भिजत घाला, शिजवा, पाला टाका. पद्धत तयार होती, फक्त दाणा बदलला.

या बदलाच्या काळातलं एक चित्र रोममध्ये कोलोन्ना महालात आहे. इटालियन चित्रकार आनिबाले कर्राचीने १५८५ च्या आसपास काढलेलं, ‘मांजाफाजोली’ याच नावाने ओळखलं जाणारं. गवती टोपी घातलेला एक माणूस तोंड उघडून चमचा आत घ्यायच्या बेतात आहे, चमच्यातून रस्सा गळतो आहे, आणि आपण मध्येच येऊन उभे राहिल्यासारखा तो आपल्याकडे बघतो आहे. बाजूला पाव, पातीचे कांदे, वाइन. वाडग्यातले दाणे चवळीचे आहेत असं साधारणपणे मानतात. म्हणजे ज्या चित्राला आज आपण घेवडेखाऊचं चित्र म्हणतो, त्यात घेवडा बहुधा नाहीच.

अमेरिकेतही दाणा आणि पाला यांची जोडी युरोपीय येण्याआधीच जमलेली होती. मेक्सिकोच्या ‘मिल्पा’ शेतात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावत. मक्याच्या ताटाला घेवड्याचा वेल धरी आणि त्याच्या मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नायट्रोजन मिळे. या तिघांच्या मधून आपोआप उगवणारा राजगिरा, चाकवत असा पाला तण म्हणून उपटून फेकत नसत. त्याला नाहुआत्ल भाषेत ‘किलित्ल’ म्हणत, स्पॅनिशमध्ये तो ‘केलीते’ झाला, आणि घेवड्याच्या भांड्यात तो आजही पडतो. एकच शेत दाणाही देई आणि पालाही.

चवळीला तिची हरवलेली जागा अटलांटिकच्या पलीकडे परत मिळाली, पण ज्या वाटेने मिळाली ती वाट भयंकर होती. गुलामांच्या जहाजांवरून ती पश्चिम आफ्रिकेतून अमेरिकेच्या दक्षिणेत गेली. तिथे तिला कोलार्ड भेटली, कोबीच्या कुळातली युरोपातून आलेली रुंद पानांची भाजी. आफ्रिकेत पाला सावकाश शिजवून त्याच्या रश्श्यासकट खायची सवय होतीच. या रश्श्याला अमेरिकेच्या दक्षिणेत ‘पॉटलिकर’ म्हणतात. पाला मालकाच्या टेबलावर जाई आणि भांड्यातलं पाणी रांधणाऱ्यांकडे राही, असं सांगितलं जातं. तसं असेल तर मालकाचं नुकसानच झालं, कारण पानांतली बरीचशी जीवनसत्त्वं आणि क्षार पाण्यात उतरतात. पुढे या पाण्याला प्रतिष्ठा आली ती इतकी की १९३१ साली लुइझियानाचा गव्हर्नर ह्यूई लाँग आणि ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ या वृत्तपत्राचा संपादक ज्युलियन हॅरिस यांच्यात मक्याची भाकरी पॉटलिकरमध्ये बुडवून खावी की कुस्करून, यावर काही आठवडे जाहीर वाद रंगला. लाँग बुडवण्याच्या बाजूचा होता. आर्थिक मंदीचं वर्ष होतं आणि वाचकांना हे वाचायला आवडत होतं.

आता प्रत्यक्ष करण्याकडे. पाककृती सांगते: दाणे रात्रभर भिजवा, आधी ते शिजवा, पाला शेवटी घाला. हा क्रम इतका पाठ झालेला असतो की तो निसर्गनियम वाटतो. तसं नाही, हे बघायला इराणच्या घोर्मे सब्झीकडे जावं. तिच्यात अजमोदा, कोथिंबीर, कांद्याची पात आणि मेथी तेलात गडद होईपर्यंत आधी परततात, मग मांस, राजमा आणि वाळलेली लिंबं घालून काही तास शिजवतात. पाला तिथे पाहुणा नाही, तोच रस्सा आहे; दाणे मूठभर. हिरवा रंग जातो, पण तो जाऊ द्यायचा हे ठरवूनच ती करतात. युरोपी पद्धतीत पाला शेवटी घालतात त्याची कारणं वेगळी आहेत. उष्णतेत आणि आंबटात हरितद्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू सुटतो आणि पान मातकट हिरवं होतं. शिवाय कोबीची पानं फार वेळ उकळली की त्यांतल्या गंधकाचा वास घरभर होतो. केलला पंधरा-वीस मिनिटं लागतात, पालकाला दोनही पुष्कळ, हेही लक्षात ठेवावं.

मीठ आधी घातलं तर दाणे दडस राहतात, ही जुनी समजूत बरोबर नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलं तर सालीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा सोडियम घेतं आणि साल मऊ पडते. दाणे खरोखर अडतात ते टोमॅटोसारख्या आंबटामुळे, जड पाण्यामुळे, आणि गरम दमट जागी फार दिवस पडून राहिल्यामुळे. आंबट हवंच असेल तर दाणे बोटांत चिरडले जाऊ लागल्यावर घालावं.

एका गोष्टीत चूल आपल्यापेक्षा सुरक्षित होती. राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाबाला पुरतात. निदान दहा मिनिटं खळखळ उकळलं की ते निकामी होतं. उकळत्या भांड्यात हे न सांगता होत असे. विजेचा स्लो कुकर मात्र कधी कधी उकळीपर्यंत पोचतच नाही, आणि कोमट आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. म्हणून भिजवलेलं पाणी फेकून, ताज्या पाण्यात आधी उकळून मगच तो तिथे घालावा. प्रेशर कुकरला ही अडचण नाही, कारण त्यात तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. कुकरचा पूर्वज १६७९ सालचा, दनी पापँ या फ्रेंच माणसाचा. १२ एप्रिल १६८२ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सदस्यांनी त्या यंत्रात रांधलेलं जेवण घेतलं. त्यात हाडं चीजसारखी मऊ झाली होती, असं इंग्रज लेखक जॉन एव्हलिनने डायरीत नोंदवलं आहे. शिजवून बाटलीत बंद करण्याची युक्ती निकोला अपेअरने १८१० साली प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं. डब्यातले दाणे वेळ वाचवतात. पण त्यांचं पाणी ओतून दिलं तर स्ट्यूला दाटपणा आणायला बटाटा नाहीतर पाव शोधावा लागतो.

पाव टस्कनीने आधीच शोधून ठेवला होता. तिथला पाव बिनमिठाचा, शिळा झाला की दगड. पांढरा घेवडा, काव्होलो नेरो नावाची गडद सुरकुतलेली केल आणि या पावाचे तुकडे, वरून ऑलिव्ह तेल. १८९१ साली पेल्लेग्रीनो आर्तुसीने स्वयंपाकावरचं आपलं पुस्तक काढलं, तेव्हा या शेतकरी सूपालाही त्यात जागा दिली. आज जगभर हे सूप ‘रिबोल्लिता’ म्हणून ओळखलं जातं, पण पहिल्या दिवशी त्याला घरात पावाचं सूपच म्हणतात. रिबोल्लिता म्हणजे पुन्हा उकळलेलं. रात्रभर पाव रस्सा पितो, दाण्यांचा स्टार्च घट्ट होतो, आणि सकाळी चमचा त्यात उभा राहतो. मग ते परत चुलीवर चढतं, आणि तेव्हा कुठे त्याला ते नाव मिळतं.